दुसऱ्या पंचाची जागा

फौजदारसाहेब, तुमचा एक सदरा अजून माझ्या दुकानात खुंटीला आहे. शिवून झालाय, फक्त काज-बटण राहिलंय. श्रावण लागायच्या सुमारास तुम्ही कापड घेऊन आलात, काठी दाराला टेकवली आणि हात वर करून उभे राहिलात. मी माप घेतलं. छाती दोन इंच उतरली होती. मी आकडा बोललो नाही, वहीत लिहिला, पण तुम्ही वाकून वाचलाच. ‘‘मास्टर, टेप लांबला का तुझा?’’ म्हणालात. टेप तोच आहे, असं मी सांगितलं. मग बाकावर बसून तुम्ही म्हणालात की हा सदरा चितेगावला जायला पाहिजे, पोळा झाला की आपण दोघं जाऊ.

माझा विश्वास बसला नाही. दिवाळी झाली की जाऊ, निवडणूक झाली की जाऊ, गुडघ्याचं ऑपरेशन झालं की जाऊ, हे मी तीस वर्षं ऐकत होतो. पण सदऱ्याचं कापड आजवर तुम्ही त्यासाठी कधी आणलं नव्हतं. म्हणून मीही घाई केली नाही आणि हयगयही केली नाही. पोळ्याला आठ दिवस असताना तुमच्या मुलाचा फोन आला.

तुमची शोकसभा झाली. सहा जण बोलले. सहाही जणांनी एकच गोष्ट सांगितली, की लिंबाजीराव म्हणजे जागेवर जाऊन बघणारा आमदार. रस्ता असो, विहीर असो, कुणाच्या पडलेल्या भिंतीचा अर्ज असो, स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिंबाजीरावांनी कधी कागदावर सही केली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला मागून कुणीतरी बोलायला ढकललं. मी म्हणालो, ‘‘मी चाळीस वर्षं त्यांचे कपडे शिवले. माणूस चांगला होता.’’ आणि खाली बसलो. खोटं बोललो नाही. पण तुम्ही जागेवर का जायचात, हे त्या मांडवात एकट्या मला माहीत होतं, आणि मी मूग गिळून बसलो. ते आता लिहितोय.

तुमची बदली आमच्या समोरच्या ठाण्यात झाली तेव्हा तुम्ही तिशीतले होता आणि तुमची खाकी पँट कंबरेत सैल होती. तुम्ही रस्ता ओलांडून आलात, पँट टाकलीत आणि सांगितलंत, संध्याकाळपर्यंत पाहिजे. मी दुपारपर्यंत दिली. ठाण्यासमोर दुकान असलेल्या माणसाला ही सवय लागते. तिसऱ्या दिवशी शिपाई बोलवायला आला. मला वाटलं शिलाई उसवली. आत गेलो तर तुम्ही एक कागद पुढं केलात. पंचाची सही पाहिजे म्हणालात. कायद्याला दोन पंच लागतात, पोलिसांनी काय जप्त केलं आणि कुठून, ते डोळ्यांनी बघणारे. पण जागेवर येऊन उन्हात उभं राहायला आणि पुढं कोर्टाचे हेलपाटे घालायला कोण तयार होतं? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे प्रत्येकाला पाठ. मग ठाण्यासमोरचा शिंपी आणि ठाण्यासमोरचा चहावाला, हेच दोन पंच. सगळ्या ठाण्यांची हीच रीत होती, असं तुम्ही म्हणालात, आणि मला तरी त्यात काही वावगं दिसलं नाही. बसल्या जागी पंचनामा लिहायचा, आम्हाला बोलवायचं, सह्या घ्यायच्या.

मी उर्दूत सही करायचो. वर मराठीत काय लिहिलंय ते मला वाचता यायचं नाही. उर्दू शाळेत तीन इयत्ता झाल्या आणि मशीनवर बसलो, मराठी बोलायला यायची पण अक्षरं परकी होती. प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ असते: ‘वाचून दाखविला, बरोबर आहे.’ तुम्ही कधी वाचून दाखवला नाही, मीही कधी म्हटलं नाही की वाचा.

का म्हटलं नाही, ते मी तुम्हाला फार उशिरा सांगितलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमचं घर तेव्हा खेड्यात होतं. काय झालं ते इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत होतं. आम्ही एका बैलगाडीतून शहरात आलो आणि परत गेलो नाही. वडिलांनी मला मशीन शिकवलं आणि त्याबरोबर एकच गोष्ट शिकवली, ‘खाकी को नक्को नहीं बोलना.’ ते गेले, पण वाक्य माझ्या मानेवर बसून राहिलं. तुम्ही मला कधी दरडावलं नाही, हे मी कुणालाही कुराणावर हात ठेवून सांगेन. दरडावायची गरजच नव्हती.

मग चितेगावचं प्रकरण झालं. विहिरींवरच्या विजेच्या मोटारी चोरीला जात होत्या. शेतकरी रोज ठाण्यात येऊन बसायचे, वरून साहेबांचे फोन यायचे. चितेगावात किसन नावाचा एक माणूस जळक्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात चोरीची एक मोटार मिळाली. तुम्ही त्याला घेऊन आलात, मी सही केली, चहावाल्यानं केली. सहा महिन्यांनी कोर्टात उभा राहिलो. चहावाला तोवर वारला होता, म्हणून सगळा भार माझ्यावर होता. सरकारी वकिलानं विचारलं, मोटार कडब्याच्या गंजीखाली लपवलेली तुमच्यासमक्ष निघाली का? मी म्हणालो, होय. किसन समोर उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, तर हा माणूस कोण आहे, याला आपण कधी बघितलंय का, अशा नजरेनं. तो मला ओळखत नव्हता, कारण मी तिथं गेलोच नव्हतो. त्याला दीड वर्षाची कैद झाली.

दोन वर्षांनी लासूर स्टेशनला मोटारी विकताना खरा चोर सापडला आणि त्यानं सगळं ओकलं. चितेगावची मोटार त्यानंच नेली होती, जळली होती म्हणून किसनकडं दुरुस्तीला टाकली होती. ही बातमी तुम्ही दाबू शकला असता. तुम्ही रस्ता ओलांडून आलात, बाकावर बसलात, टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि मला सांगितलंत. वर एक गोष्ट जास्तीची सांगितलीत, जी मला माहीत नव्हती आणि जी तुम्ही सांगितली नसती तर मला कधीच कळली नसती.

‘‘मास्टर, गंजीखाली नव्हती ती मोटार. दुकानाच्या म्होरं उघड्यावर पडली व्हती. उघड्यावर लिहिलं असतं तर केस टिकली नसती. मला वाटलं चोर हाच हाय. वाटलं म्हंजी पक्कंच वाटलं. म्हणून गंजी लिहिली.’’

माझ्या हातात कुणाचा तरी कोट होता. मी तो शिवत राहिलो. किती वेळ शिवलं माहीत नाही, नंतर बघितलं तर बाही उलटी लागली होती.

त्याच आठवड्यात मी मराठी अक्षरं शिकायला घेतली. बायको हसली, म्हणाली, इस उमर में स्कूल? शेजारच्या शाळामास्तरांकडून बाराखडीची पाटी आणली आणि महिन्यात वाचायला लागलो. नंतर तुम्ही सहीला बोलवलं की मी आधी वाचायचो, बोटानं एकेक शब्द, आणि तुम्ही थांबायचात. दोनदा मी म्हणालो, मी तिथं नव्हतो, सही नाही करत. आयुष्यात पहिल्यांदा मी खाकीला नक्को म्हणालो आणि समोरच्या खाकीनं मान खाली घालून कागद परत घेतला. हे तुमचे उपकार मी मोजतो, साहेब. दुसरा फौजदार असता तर माझं दुकान उठलं असतं.

त्यानंतर वर्षभरात तुम्ही नोकरी सोडलीत. अजून पंधरा-वीस वर्षं नोकरी होती. लोक म्हणाले राजकारणाचं वेड लागलं. जिल्हा परिषदेला उभे राहिलात, निवडून आलात, मग आमदार झालात, मग दोनदा पडलात. खाकी सुटली, पांढरं आलं, पण माप माझ्याच वहीत राहिलं. सगळे तुम्हाला आमदारसाहेब म्हणायला लागले, मी फौजदारच म्हणत राहिलो. एकदा तुमच्या माणसानं मला टोकलं तर तुम्हीच त्याला गप्प केलंत.

तुमची भाषणं भयंकर असायची, हेही सांगून टाकतो. ‘सदर गावातील सदर रस्ता सदर ठिकाणी खचला असून’ असं तुम्ही भर सभेत म्हणायचात आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण सदर रस्त्यावर तुम्ही चालत गेलेले असायचात, खड्डा काठीनं मापलेला असायचा. अधिकारी कागद पुढं करायचा आणि तुम्ही म्हणायचात, गाडी काढा, आधी बघू. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामगाराचा हात गेला तेव्हा मालकाच्या केबिनमधला चहा न घेता तुम्ही आधी त्या मशीनजवळ जाऊन उभे राहिलात, असं त्या कामगाराच्या भावानं मला सांगितलं. तो मापाला आला होता. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, साहेब, सगळीकडं जाता, एका जागेवर तेवढं जात नाही.

शहरात वातावरण बिघडलं होतं, ते दिवसही विसरण्यासारखे नाहीत. बाजार बंद होते. मी दुकानाचं एकच दार उघडं ठेवून आत बसलो होतो. सकाळी तुम्ही एकटे आलात, बाक बाहेर ओढलात, दारात मांडलात आणि वर्तमानपत्र उघडून बसलात. तीन दिवस. तेच वर्तमानपत्र. दोन-चार टोळकी आली, तुम्हाला बघून नमस्कार करून गेली. तुम्ही मला एकदाही ‘घाबरू नको’ म्हणाला नाहीत. फक्त तिसऱ्या दिवशी विचारलंत, ‘‘माझ्या पायजम्याची नाडी बदलून ठेवली का?’’ मी आत जाऊन रडलो आणि नाडी बदलली.

म्हणूनच भांडण इतकं अवघड होतं. वैऱ्याशी भांडणं सोपं असतं.

भांडण एकच होतं आणि ते तुम्हाला पाठ आहे. मी म्हणायचो, किसनकडं जाऊन खरं सांगू. तुम्ही म्हणायचात, सांगून त्याचं दीड वर्ष परत येतं का. मी म्हणायचो, येत नाही, तरी सांगू. मग तुम्ही म्हणायचात की तू खोटी साक्ष दिलीस, केस तुझ्यावर होईल, मी तुला वाचवतोय. पुढं आमदार झाल्यावर म्हणायचात, विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल, कामं अडतील. आमदारकी गेल्यावर म्हणायचात, आता माझ्या बोलण्याला कोण विचारतो. एकदा मी चिडून म्हणालो, तुमच्याकडं कारणांची गंजी आहे, मोटार मात्र उघड्यावर पडलीय. तुम्ही काठी उचललीत आणि निघून गेलात. दीड महिना आला नाहीत. मग एक दिवस दोन पायजम्यांचं कापड घेऊन आलात, आणि मी वही उघडून माप घेतलं.

आता माझं सांगतो. तुम्ही नाही म्हणत होता तोवर मला बरं वाटत होतं. चितेगाव काही विलायतेत नाही. पैठण रस्त्याला एसटीत बसलं की उतरायचं. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. एकट्यानं जायची माझी छाती नव्हती आणि तो दोष मी तुमच्या नावावर खपवत होतो. फौजदार येत नाही म्हणून मी जात नाही, असं स्वतःला सांगत म्हातारा झालो. तुम्ही गेलात आणि हे कारण संपलं.

तुमच्या चौदाव्यानंतर दोन दिवसांनी मी गेलो. सदरा नेला नाही. कापडाचा तुकडा नेऊन काय करायचं? स्टँडवर एकाला विचारलं, किसन मोटारवाला कुठं राहतो. त्यानं विचार केला आणि म्हणाला, ‘‘गंजीवाला किसन का?’’ साहेब, हे तुम्हाला माहीत होतं का? त्या गावात चाळीस वर्षं त्याचं हे नाव आहे. पोरं जन्मली, मोठी झाली, त्यांना चोरी माहीत नाही, कोर्ट माहीत नाही, पण नाव माहीत आहे. तुम्ही लिहिलेला एक शब्द, माझी त्याच्याखालची सही.

त्याचं दुकान अजून आहे. मुलगा चालवतो. किसन बाहेर खाटेवर बसला होता, डोळ्यांवर जाड भिंगं. मी सांगितलं मी कोण. त्यानं मुलाला सांगून पाणी मागवलं. मी उभ्यानंच सगळं बोललो, एका दमात, जसं तुम्ही बाकावर बसून मला सांगितलं होतं तसं. मोटार उघड्यावर होती, गंजीखाली नव्हती, मी आलोच नव्हतो, न बघता सही केली, कोर्टात शपथेवर खोटं बोललो. बोलताना मी इकडंतिकडं बघत होतो. दुकानासमोर दहा पावलं जागा, मग रस्ता. मी विचारलं, तुमची कडब्याची गंजी कुठं होती? तो म्हणाला, ‘‘गंजी? मला जनावर कवा व्हतं? गंजी त्या पलीकडल्या पाटलाची.’’ पलीकडं कुंपण होतं. मी तेव्हा नुसता येऊन उभा राहिलो असतो तरी दिसलं असतं. शाळेत गेलेल्या माणसाचीही गरज नव्हती, डोळे पुरेसे होते.

मी म्हणालो, फौजदारसाहेब येणार होते, पण आधीच गेले.

किसननं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, ‘‘त्यो तीनदा आला हितं.’’

मला हे माहीत नव्हतं, साहेब. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

‘‘एकदा मतं मागायला आला. एकदा विजेची डीपी बघायच्या निमतानं. अन् एकदा नुसताच, काठी टेकत, दोनेक वर्सं झाली. दर बारीला पाणी मागायचा. पाणी प्यायचा, दुकानाकडं बघायचा, पोराला म्हणायचा धंदा कसा चाललाय. अन् उठायचा.’’

मी विचारलं, तुम्ही का नाही काढलं तोंडातून?

‘‘मी कशाला काढू, मास्तर? वझं त्याचं व्हतं. मी वाट बघितली. तिसऱ्या बारीला तर लई वाट बघितली. पाणी सांडलं त्याच्या सदऱ्यावर. वाटलं आता बोलतो. नाय बोलला.’’

तुमच्यावर मला तेव्हा राग आला आणि लगेच इतकी कीव आली की मी त्याच्या खाटेवरच बसलो. तुम्ही जागेवर गेला होतात. तीनदा गेला होतात. सहा वक्त्यांना जे माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, ते हे. तीस वर्षं मला नाही म्हणत होता आणि एकटे जाऊन येत होता. आणि चौथ्या खेपेला मला बरोबर न्यायचं ठरवलंत, नवा सदरा शिवायला टाकलात. मी सोबत असतो तर तुम्ही बोलला असतात का? मला वाटतं बोलला असतात. मला तसं वाटून घ्यायचं आहे.

मी किसनला म्हणालो, माफी मागतो. तो म्हणाला, ‘‘माफीचं ऱ्हाऊ द्या. लिहून द्या. तवा न बघता सही केली ना? आता बघून करा.’’

मुलानं वहीचा कागद फाडून दिला. मी मांडीवर पाटी घेऊन लिहायला बसलो. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, शिलाईसारखं तिरकं. पण पंचनाम्याची भाषा पाठ होती, तुमच्याच हाताखाली वाचून झालेली. मी खाली सही करणार पंच, आज रोजी मौजे चितेगाव येथे स्वतः हजर राहून लिहून देतो की, अशी सुरुवात केली. दुकान कुठं, रस्ता कुठं, कुंपण कुठं, सगळं पावलांनी मोजून लिहिलं. किसनकडं जनावर नव्हतं आणि गंजी त्याची नव्हती, हे लिहिलं. मोटार उघड्यावर होती हे फौजदारांनी स्वतः मला सांगितलं, हे लिहिलं. तुमचं नाव पूर्ण लिहिलं, साहेब. गाळलं नाही. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या, भेटल्यावर भांडू.

तोवर दहा-पंधरा माणसं जमली होती, स्टँडवरचा तो माणूसही होता. किसन म्हणाला, वाचून दाखवा. मी उभा राहून मोठ्यानं वाचलं. माझी मराठी वाचताना अजून अडखळते, पण कुणी हसलं नाही. शेवटच्या ओळीला मी थांबलो आणि किसनकडं बघितलं. तो म्हणाला, ‘‘बरोबर हाय.’’ मग मी ती ओळ लिहिली, ‘वाचून दाखविला, बरोबर आहे’, आणि खाली सही केली. मराठीत केली.

सरपंच पुढं आला. म्हणाला, पंच दोन लागतात, दुसरी सही मी करतो. त्यानं पेनसाठी हात पुढं केला. किसननं कागदावर आपला तळवा ठेवला.

‘‘ऱ्हाऊ द्या,’’ म्हणाला. ‘‘ती जागा त्याची हाय.’’

कागद आता किसनच्या दुकानात भिंतीला लावलेला आहे, गिऱ्हाइकाला दिसेल असा. खाली माझी सही आहे. तिच्या शेजारी मी ‘पंच क्रमांक दोन’ लिहिलं, पुढं तुमचं नाव लिहिलं, आणि सहीपुरती जागा मोकळी सोडली.